दोन सिझरनंतर नॉर्मल बाळंतपण: कागदांपासून लेबर रूमपर्यंत

आधीच्या दोन्ही सिझरचे कागद हातात आल्याशिवाय कुठल्याही डॉक्टरकडे 'या वेळी नॉर्मल करायचंय' असं सांगायला जाऊ नका. कागद नसले की डॉक्टरांना दिसते ती फक्त पोटावरची आडवी खूण, आणि त्या खुणेवरून आत गर्भपिशवीवर चिरा कुठे दिला होता हे सांगता येत नाही. कातडीवर आडवा आणि पिशवीवर उभा, असंही कधी कधी केलेलं असतं. पुढचा सगळा निर्णय त्या आतल्या चिऱ्यावर ठरतो.

आमच्यापैकी काहीजणी या वाटेने गेल्या आहेत, काहीजणी जाणाऱ्या बायकांसोबत तपासणीच्या खुर्चीपासून लेबर रूमपर्यंत बसल्या आहेत. एकेकीची गोष्ट इथे सांगायची नाही. या वाटेवर काय लागतं, कुठे अडतं आणि का अडतं, एवढंच लिहायचं आहे.

तर कागद. बहुतेक घरांत डिस्चार्ज कार्ड सापडतं. त्यावर 'इमर्जन्सी एलएससीएस, इंडिकेशन एनपीओएल' अशी एक ओळ असते. एलएससीएस म्हणजे पिशवीच्या खालच्या भागातून केलेलं सिझर, एनपीओएल म्हणजे कळा असूनही प्रगती झाली नाही. पण कार्ड हा नुसता गोषवारा आहे. आपल्याला हव्या असतात त्या ओटी नोट्स, म्हणजे ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी इनडोअर फाइलमध्ये हाताने लिहिलेलं अर्धं-पाऊण पान. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे भरती झालेल्या रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरांनी तीन वर्षं जपायची असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायची असतात. तोंडी मागू नका. साध्या कागदावर नाव, भरतीची तारीख, इनडोअर नंबर लिहून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

आपल्याकडे यात एक ठरलेली अडचण येते. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी किंवा नोकरीच्या गावी. पहिल्या सिझरची फाइल दोनशे किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी असते आणि तीन वर्षं केव्हाच उलटलेली असतात. तरीही मागून बघा. लहान दवाखान्यांत जुन्या फाइली माळ्यावर बांधून ठेवलेल्या असतात, आणि भावाने किंवा वडिलांनी अर्ज घेऊन प्रत्यक्ष गेलं तर मिळण्याची शक्यता फोनपेक्षा कितीतरी जास्त. अर्जावर तुमची सही आणि सोबत ओळखपत्राची झेरॉक्स मात्र हवी.

ओटी नोट्समध्ये पाहायचं ते असं. चिरा खालच्या भागात आडवा होता का. 'एक्स्टेंशन' असा शब्द आहे का, म्हणजे बाळ काढताना चिरा बाजूला किंवा खाली फाटत गेला का. 'इन्व्हर्टेड टी', 'जे' (या इंग्रजी अक्षरांच्या आकाराचे चिरे) किंवा 'क्लासिकल' असं काही लिहिलंय का. क्लासिकल म्हणजे वरच्या जाड भागात दिलेला उभा चिरा. तो असेल तर विषय तिथेच थांबतो, कारण कळांमध्ये तो फाटण्याचा धोका शंभरात चार ते नऊ इतका असतो. टी आणि जे चिऱ्यांबाबतही जवळपास कोणीच हो म्हणत नाही, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. पिशवी पूर्वी कधी फाटली असेल, किंवा या वेळी वार पिशवीच्या तोंडावर आली असेल, तरीही नॉर्मलचा प्रयत्न नाही.

दुसऱ्या सिझरच्या नोट्समधली एक ओळ आम्ही सगळ्यात आधी शोधतो. त्या वेळी पोट उघडलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला टाका, म्हणजे पिशवीवरचा जुना व्रण, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. 'स्कार इन्टॅक्ट' लिहिलं असेल तर टाका धड होता. 'थिन्ड आउट' म्हणजे पातळ झाला होता. 'डेहिसन्स' म्हणजे आतून उसवायला लागला होता. ही ओळ नव्या डॉक्टरांचं मत दोन्ही दिशांनी बदलू शकते आणि ती डिस्चार्ज कार्डावर सहसा उतरत नाही.

कागद मिळालेच नाहीत तर? चिरा कसा होता हे माहीत नसणं एवढ्यावरून नॉर्मलचा प्रयत्न बाद होत नाही, कारण आजची बहुतांश सिझर खालच्या आडव्या चिऱ्यानेच होतात. मात्र पहिलं बाळ खूप अपुऱ्या दिवसांचं, २८ आठवड्यांच्या आसपासचं होतं, किंवा ते आडवं होतं, किंवा पिशवीत मोठी गाठ होती, तर वरच्या चिऱ्याची शंका धरून चालावं लागतं.

मग येतं सिझरचं कारण. बाळ पायाळू होतं म्हणून पहिलं सिझर झालं असेल तर ते कारण या वेळी असेलच असं नाही. 'एनपीओएल' असेल तर विचारायचा प्रश्न एकच: पिशवीचं तोंड किती सेंटिमीटरपर्यंत उघडलं होतं? औषधं देऊन कळा आणल्या आणि तीन सेंटिमीटरवरच सिझर केलं, आणि दहा सेंटिमीटर उघडून दोन तास जोर लावूनही बाळ खाली सरकलं नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. 'सीपीडी', म्हणजे बाळाचं डोकं आणि आईच्या कंबरेच्या हाडांमधली वाट यांचं माप जुळत नाही, हे कळा सुरू होण्याआधीच लिहिलं असेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नका. हे माप खरं कळतं ते चांगल्या कळा येऊन डोकं वाकतं, वळतं, खाली येतं तेव्हाच. दुसऱ्या सिझरचं कारण मात्र बहुतेक फाइलींत एकच असतं, 'प्रीव्हियस एलएससीएस'. म्हणजे आधी सिझर झालं म्हणून सिझर.

'एकदा सिझर, कायम सिझर' हे वाक्य १९१६ साली न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन या डॉक्टरांनी लिहिलं, तेव्हा उभा चिराच चालत होता. खालच्या आडव्या चिऱ्याचा प्रसार त्यानंतर, १९२०च्या दशकात झाला. वाक्य तेवढं मागे राहिलं.

आता आकडे, कारण ते माहीत नसले की बाई एकतर नको तितकी घाबरते किंवा नको तितकी निर्धास्त राहते. एका सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न केलेल्या शंभरात साधारण ७२ ते ७५ जणींची नॉर्मल प्रसूती होते आणि पिशवी फाटण्याचं प्रमाण हजारात सुमारे ५ असतं. दोन सिझरनंतर यशाचं प्रमाण फारसं घसरत नाही, साधारण ७१च्या आसपास राहतं. पण पिशवी फाटण्याचं प्रमाण हजारात १३-१४ पर्यंत जातं. तुमचं एखादं बाळंतपण आधी नॉर्मल झालेलं असेल, मग ते सिझरच्या आधी असो की मधलं, तर यशाची शक्यता शंभरात ८५ ते ९० पर्यंत पोचते. अनुकूल गोष्टींमध्ये याच्या तोडीची दुसरी नाही. उलट आधीचं बाळंतपण होऊन १८ महिनेही झाले नसतील तर टाक्याचा धोका वाढतो.

पुन्हा सिझर करण्यालाही किंमत आहे आणि ती पुढच्या गरोदरपणात मोजावी लागते. वार पिशवीच्या तोंडावर असेल तर ती टाक्यात खोल रुतून बसण्याची शक्यता दुसऱ्या सिझरच्या वेळी शंभरात ११, तिसऱ्याच्या वेळी ४०, चौथ्याच्या वेळी ६१ अशी चढत जाते. तिसरं मूल शेवटचंच असेल तर हा मुद्दा हलका होतो. अजून एखादं हवं असेल तर तो जड आहे. नवरा-बायकोने हे डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी बोलून घ्यावं.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेजची २०१५ची आणि अमेरिकेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं, दोन्ही म्हणतात की खालच्या आडव्या चिऱ्याची दोन सिझर झालेल्या बाईला, नीट समजावून सांगून, नॉर्मलचा प्रयत्न करू देता येतो. ब्रिटनमध्ये हे समजावणं वरिष्ठ डॉक्टरांनीच करावं असं म्हटलं आहे. तीन सिझरनंतरची माहिती इतकी थोडी आहे की आम्ही त्यावर कुणाला भरीला घालत नाही. आणि एक विनंती: या तत्त्वांची पानं छापून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवू नका. समोरची व्यक्ती लगेच सावध होते आणि बोलणं तिथेच आखडतं. माहिती मनात ठेवून प्रश्न विचारा.

डॉक्टर शोधणं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशभरच्या खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात, सरकारी ठिकाणी १४.३ टक्के. एकूण प्रमाण महाराष्ट्रात २५.४, गोव्यात ३९.५, तेलंगणात ६०.७ टक्के. म्हणजे टाका असलेल्या बायका घरोघरी आहेत, पण टाक्यावर कळा घेऊ देण्याची सवय असलेले डॉक्टर कमी. हे कौशल्य हाताला असावं लागतं. वर्षभरात एकही अशी बाई न पाहिलेल्या डॉक्टरांना दोन टाक्यांवर तयार करण्यात अर्थ नाही.

नकार देणाऱ्या डॉक्टरांची बाजूही समजून घ्या. दहा खाटांचं नर्सिंग होम, एकच डॉक्टर, भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवायचे, रक्तपेढी शहराच्या दुसऱ्या टोकाला. टाका उसवला आणि बाळाचे ठोके एकदम घसरले की साधारण १८ मिनिटांत बाळ बाहेर आलं तर ते बहुतेक वेळा सुखरूप राहतं, त्याच्या पुढे मेंदूला इजा होण्याचा धोका वाढत जातो. भूलतज्ज्ञांना दुचाकीवरून यायलाच पाऊण तास लागत असेल तर त्या डॉक्टरांनी 'माझ्याकडे नको' म्हणणं हा प्रामाणिकपणा आहे. अशा डॉक्टरांना सरळ विचारा, 'मॅडम, तुमच्याकडे सोय नाही हे पटलं. ज्यांच्याकडे असेल असं एखादं नाव सांगाल का?' चांगली नावं आम्हाला बहुतेक वेळा अशीच मिळाली आहेत.

खरा त्रास उघड नकाराचा नसतो. विसाव्या आठवड्यात 'बघू, ट्राय करू' आणि सदतिसाव्यात 'आता रिस्क कशाला' असं होतं त्याचा असतो. तेव्हा दुसरीकडे जायला वेळ उरलेला नसतो. म्हणून पहिल्याच भेटीत ज्यांची उत्तरं आकड्यांत येतात असे प्रश्न विचारा.

'मॅडम, गेल्या वर्षी तुमच्याकडे टाक्यावर किती जणींनी प्रयत्न केला, आणि त्यांतल्या दोन सिझरवाल्या किती?' नेमका आकडा नसला तरी चालेल, पण उत्तर 'हो, करतो की' इतकंच आलं तर ते उत्तर झालं नाही. 'रात्री दोन वाजता सिझर करायचं ठरलं तर बाळ बाहेर यायला किती मिनिटं लागतील? भूलतज्ज्ञ इमारतीतच असतात का?' तीस मिनिटांच्या आतलं उत्तर हवं, आणि दोन टाक्यांसाठी भूलतज्ज्ञ आवारात असलेलंच बरं. 'तुम्ही बाहेरगावी असाल तर कोण बघेल, आणि त्यांचं यावर मत काय आहे?' या प्रश्नावर सगळ्यात जास्त बेत कोसळतात. मुख्य डॉक्टर तयार असतात, पण रविवारी ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांना काहीच सांगितलेलं नसतं, आणि कळा घेऊन आलेल्या बाईला दारातच सिझरच्या संमतीचा कागद दिला जातो. शेवटचा प्रश्न, 'तारीख उलटली तर किती दिवस थांबाल?' चाळीस आठवड्यांच्या दिवशीच सिझर ठरवणारे डॉक्टर, तुमच्या कळा बहुधा सुरू व्हायच्या आधीच ते करतील.

सोबत कोण राहील हेही तेव्हाच विचारून घ्या. सतत जवळ एक माणूस असलं की सिझरचं प्रमाण कमी होतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. सरकारी दवाखान्यांतही प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवता येते. केंद्र सरकारच्या २०१७च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात ते धरलेलं आहे. प्रत्यक्षात लेबर रूम भरलेली असली की सोबतीला बाहेर काढतात. म्हणून आधी एकदा तिथल्या इन्चार्ज सिस्टरांना भेटून या.

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांचा विचार लोक शेवटी करतात. आम्ही आधी करायला सांगतो. तिथे भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर, ऑपरेशन थिएटर सुरू, रक्तपेढी आवारात, नवजात बाळांचा अतिदक्षता विभागही तिथेच. एका सिझरनंतरचा प्रयत्न, ज्याला तिथे 'ट्रायल ऑफ स्कार' म्हणतात, रोजचाच असतो. २०११पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे नॉर्मल असो की सिझर, खर्चही नाही. दोन टाक्यांना मात्र तिथे बहुतेक वेळा थेट सिझरच सांगतात, म्हणून ओपीडीत निवासी डॉक्टरांशी वाद न घालता युनिटच्या प्रमुखांची भेट मागा आणि फाइलवर त्यांच्या हाताने शेरा लिहून घ्या. त्या शेऱ्याशिवाय रात्री कोणी ऐकणार नाही. ग्रामीण रुग्णालयात, किंवा नकाराला कंटाळून घरी, दोन टाक्यांवर बाळंतपण करू नका. नकाराचा राग आम्हाला कळतो, पण टाका फाटला तर घरात करण्यासारखं काहीच नसतं.

छत्तिसाव्या आठवड्यातली कारणं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर शेवटच्या महिन्यात काही शब्द हमखास येतात. त्यांतले खरे कोणते हे ओळखता यायला हवं.

'टाका पातळ आहे, २.३ मिलिमीटर.' ही जाडी पोटावरून मोजली की योनिमार्गातून, लघवीची पिशवी किती भरलेली होती, यावर आकडा बदलतो. जाड टाका असला की धोका कमी हे खरं, पण अमुक मिलिमीटरच्या खाली प्रयत्न नको अशी सर्वांनी मान्य केलेली रेषा नाही. दोन मिलिमीटरच्याही खूप खाली आकडा आला, किंवा टाक्याच्या जागी फुगवटा दिसला, तर मात्र गांभीर्याने घ्या. अधलामधला आकडा आला तर दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा मोजून घ्या.

'नाळ गळ्याभोवती आहे.' दर तीन-चार बाळांत एकाच्या गळ्याभोवती जन्मताना नाळेचा वेढा असतो. तेवढ्यासाठी सिझर लागत नाही.

'बाळ मोठं आहे.' शेवटच्या महिन्यातला वजनाचा अंदाज दहा ते पंधरा टक्के इकडे-तिकडे असतो. ३.४ किलो लिहिलेलं बाळ तीनचं निघू शकतं, ३.८चंही. खरोखर चार किलोच्या वर असेल तर यशाची शक्यता कमी होते, ते लक्षात घ्या.

'पाणी कमी झालंय.' हे तपासून बघायलाच हवं. सगळ्यात खोल कप्पा दोन सेंटिमीटरच्या खाली असेल तर तो खरा इशारा आहे. 'एएफआय ८' (एएफआय म्हणजे बाळाभोवतीच्या एकूण पाण्याचं माप) हा इशारा नाही. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं तरी आकडा थोडा उतरतो.

रक्तदाब वाढणं, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, बाळाची वाढ खुंटणं, यांवर घासाघीस करू नका. तिथे बाळंतपण आधी, पद्धत नंतर.

तारखेचंही असंच. पाळीवरून काढलेली तारीख आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख जुळत नसतील तर सोनोग्राफीची धरायला सांगा. हा फरक आठवड्याचा असला तरी चाळिसाव्या आठवड्याच्या दारात तोच आठवडा निर्णायक ठरतो. मुहूर्त काढून सिझर ठरवायचा आग्रह घरातून आला तर वडीलधाऱ्यांना इतकंच सांगा: 'आई, ३९ आठवडे भरायच्या आधी कळांशिवाय काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते. कळा येईपर्यंत थांबू.' 'जिवाशी खेळ' असं म्हणणाऱ्यांना एकदा तपासणीला सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून आकडे ऐकले की बहुतेकांचा सूर बदलतो.

दरम्यान करण्यासारखं फार नाही, पण जे आहे ते महत्त्वाचं. हिमोग्लोबिन ११च्या वर आणा, कारण नॉर्मल झालं काय किंवा सिझर झालं काय, रक्तस्राव अंगावर झेपायला हवा. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे ते पाहा. खाली आणि पुढच्या बाजूला टाक्यावर असेल तर ३२व्या आठवड्यात पुन्हा, टाक्यात रुतली आहे का हे जाणणाऱ्या तज्ज्ञाकडून. बाळ पायाळू असेल तर ३६-३७ आठवड्यांत बाहेरून वळवण्याचा प्रयत्न टाक्यावरही करता येतो. तो करणारे डॉक्टर थोडे आहेत, म्हणून आधी विचारून ठेवा.

फाइलच्या पहिल्या पानावर

छत्तिसाव्या आठवड्याच्या भेटीत एक पान लिहून डॉक्टरांची सही घ्या आणि ते फाइलच्या अगदी वर लावा. एकच पान. तीन पानांचा बर्थ प्लॅन रात्रीची सिस्टर वाचत नाही. त्यावर पहिली ओळ मोठ्या अक्षरांत: 'दोन सिझर झालेली. मिसोप्रोस्टॉल देऊ नये.' तोंड मऊ करायला सर्रास वापरली जाणारी ही गोळी टाका असलेल्या पिशवीसाठी धोक्याची आहे, आणि रात्रपाळीत सवयीने ठेवली जाण्याची चूक होऊ शकते. तोंड मऊ करायच्या जेललाही त्यामुळेच नकार. कळा आणण्याची वेळच आली तर तोंडात फुग्याचा कॅथेटर घालण्याची पद्धत तुलनेने सुरक्षित आहे. कळा वाढवणाऱ्या पिटोसिनच्या सलाईनने पिशवी फाटण्याचा धोका दोन ते तीन पट होतो. एका टाक्यावर वरिष्ठ डॉक्टर ते जपून देतात. दोन टाक्यांवर कळा आपोआप येतील तरच पुढे जायचं, असं अनेकजण ठरवतात, आणि आम्हालाही तेच योग्य वाटतं.

दुसरी ओळ: 'पोटावरून दाब देऊ नये.' जोर लावताना बाळ लवकर यावं म्हणून मावशी किंवा सिस्टर कोपराने पोटाच्या वरच्या भागावर दाबतात. हे कोणत्याच बाईला करू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये म्हटलं आहे. टाका असलेल्या बाईच्या बाबतीत तर ते सरळ टाक्यावर ताण टाकणं आहे. सोबतीच्या माणसाला हे एक वाक्य पाठ असू द्या: 'सिस्टर, टाका आहे, वरून दाबू नका.'

खाली बाकीचं: बाळाच्या ठोक्यांची पट्टी सतत चालू राहील, हाताला व्हेनफ्लॉन (सलाईनची सुई) लावलेलं असेल, रक्त जुळवून ठेवलेलं असेल, सोबत अमुक व्यक्ती राहील, उभं राहण्या-बसण्याची मोकळीक राहील. सततच्या पट्टीला नाही म्हणू नका. टाका उसवायला लागल्याचं पहिलं चिन्ह बहुतेक वेळा त्या पट्टीवरच दिसतं. पट्टे लावलेले असले तरी पलंगाशेजारी उभं राहता येतं, खुर्चीवर किंवा चेंडूवर बसता येतं, गुडघ्या-हातांवर ओणवं होता येतं. उताणं झोपून राहणं तेवढं टाळा. एपिड्युरल (कळांची वेदना कमी करायला पाठीतून दिलेली भूल) घ्यावंसं वाटलं तर टाक्यामुळे त्याला मनाई नाही. फाटलेल्या टाक्याची वेदना त्याने सहसा लपत नाही, आणि सिझर करावं लागलं तर भूल आधीच दिलेली असते.

कळा सुरू झाल्यावर

पहिलटकरणीला जितका वेळ घरी काढायला सांगतात तितका तुम्ही काढायचा नाही. कळा पाच मिनिटांवर नियमित आल्या, तासभर तशाच राहिल्या की निघा. पाणी गेलं, ताजं लाल रक्त दिसलं, किंवा दोन कळांच्या मधल्या वेळेतही जुन्या टाक्याच्या जागी दुखत राहिलं तर कळांची वाट न बघता निघा. दवाखाना अर्ध्या तासाच्या अंतरावर हवा. गाव लांब असेल तर अडतिसाव्या आठवड्यापासून शहरात नातेवाइकांकडे राहायला या. निघताना पातळ पेज, नारळपाणी असं हलकंच घ्या. पोटभर जेवू नका.

दवाखान्यात पोचल्यावर तोंड दोन-तीन सेंटिमीटरच उघडलंय असं कळलं की काहीजणींचा धीर सुटतो आणि काही डॉक्टरांचाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने खरी प्रगतीची कळ पाच सेंटिमीटरपासून सुरू होते. त्याआधीच्या संथपणाला 'प्रगती नाही' म्हणता येत नाही. पाचच्या पुढे गेल्यावर मात्र चांगल्या कळा असून चार तासांत काहीच पुढे सरकलं नाही, तर दोन टाक्यांवर ताटकळत राहू नका. अडलेल्या कळा टाक्यावर सगळ्यात जास्त ताण आणतात. तिथे सिझर मान्य करणं हा ठरलेल्या बेताचाच भाग आहे.

ही चिन्हं सोबतीच्या माणसाने पाहायची, कारण बाई स्वतः कळांत असते. ठोके एरवी मिनिटाला ११० ते १६० असतात. ते घसरले आणि वर येईनात. टाक्याच्या जागचं दुखणं कळ ओसरल्यावरही ओसरेना. चांगल्या चाललेल्या कळा एकदम थांबल्या. लघवीत किंवा अंगावरून रक्त आलं. आईची नाडी धावायला लागली, चक्कर आली. खाली आलेलं डोकं तपासताना पुन्हा वर गेल्यासारखं लागलं. यातलं एकही दिसलं तर 'सिस्टर, डॉक्टरांना आत्ता बोलवा' असं मोठ्याने म्हणायचं, आणि सिझरच्या संमतीवर सही आधीच केलेली ठेवायची, म्हणजे तेव्हा नवऱ्याला शोधत बसावं लागत नाही.

सिझर झालंच तरी काही गोष्टी मागता येतात. नाळ लगेच न कापता एक मिनिटभर थांबणं, बाळ ठीक असेल तर टेबलावरच छातीवर ठेवणं, आणि कळा आल्यानंतरच सिझर केल्यामुळे बाळाच्या फुप्फुसांना झालेला फायदा, तो तर आपसूक मिळालेला असतो. डॉक्टर टाके घालत असतील तेव्हा पिशवीच्या खालच्या भागाची अवस्था नोंदवायला सांगा.

नॉर्मल झाल्यावर पहिल्या दोन तासांत नाडी, रक्तदाब आणि रक्तस्राव दर पंधरा मिनिटांनी बघितला गेला पाहिजे. काहीही तक्रार नसेल तर टाका हात घालून तपासण्याची गरज नसते, काही ठिकाणी सवयीने करतात, तेव्हा विचारा. रक्तस्राव थांबत नसेल, पिशवी कडक होऊनही धार चालूच असेल, किंवा पोट फुगत चाललं असेल, तर टाक्याकडे पाहायलाच हवं. घरी गेल्यावर एका तासात पूर्ण पॅड भिजलं, ताप आला किंवा खांद्यात कळ येऊन गरगरायला लागलं, तर बाळंतिणीला सव्वा महिना बाहेर काढायचं नाही वगैरे काही मध्ये न आणता त्याच रात्री दवाखाना गाठायचा.